बंदुकीच्या नळीतले सूर

मोडीत निघालेल्या वस्तूंतून शिल्प घडवावे आणि त्याच शिल्पातून नाद काढावा, ही कल्पना पुष्कळांना परदेशी वाटते. तिचे एक उत्तम उदाहरण मात्र आपल्याच मध्य प्रदेशात आहे. बऱ्हाणपूरहून आगगाडीने इटारसी, जबलपूर, कटनी असे गेले म्हणजे पुढे मैहर लागते. तेथील राजे ब्रिजनाथ सिंह यांच्या दरबारी सरोदवादक उस्ताद अल्लाउद्दीन खाँ होते. १९१८ च्या सुमारास इन्फ्लुएन्झाच्या साथीने कित्येक मुले पोरकी झाली. खाँसाहेबांनी अशा मुलांना हाताशी धरून एक वाद्यवृंद उभारला. तोच पुढे 'मैहर बँड' म्हणून ख्यातीस आला. या वृंदासाठी त्यांनी एक नवे वाद्य सिद्ध केले. बंदुकांच्या नळ्या लहानमोठ्या लांबीच्या कापून त्या ओळीने मांडल्या आणि काठ्यांनी वाजविल्या. त्या वाद्याचे नाव नलतरंग.

नळी लहान केली की सूर चढतो, हे कोणीही सांगेल. पण किती चढतो? सतारीची तार निम्म्यावर दाबली असता तार षड्ज मिळतो. नळीवर आघात केला असता ती स्वतःच वाकून कंप पावते, आणि तिची कंपनसंख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून निम्म्या लांबीची नळी चौपट कंपने देते, म्हणजे सूर एक नव्हे, दोन सप्तके वर जातो! ५० सेंटिमीटरची नळी षड्ज मानली, तर शुद्ध गंधार सुमारे ४४.७, पंचम ४०.८ आणि तार षड्ज ३५.४ सेंटिमीटरवर सापडतो. नळी टेकवायची तीही वाटेल तेथे नव्हे. दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्के अंतरावर कंपन जवळजवळ शून्य असते. तेथे दोऱ्याचा आधार द्यावा. मधोमध धरल्यास नाद दबतो.

भंगारातील एकाच जाडीचा पाण्याचा नळ घेऊन हा प्रयोग शाळेत सहज करता येईल. नळ किंचित लांबच कापावा आणि कानशीने घासत सुरात आणावा. तोकडा झालेला नळ पुन्हा वाढत नाही. बंदुकीच्या नळीला मात्र हे आकडे पुरत नाहीत, कारण ती एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास निमुळती असते. तेथे अखेरचा निवाडा कानानेच करावा लागतो. मैहरच्या वाद्याचे मोल मला याच ठिकाणी अधिक वाटते.

सुमारे शतकभरानंतर मेक्सिकोत हीच सामग्री एका शिल्पकाराच्या हाती आली. सिउदाद हुआरेस या हिंसाचाराने पोळलेल्या शहरात जप्त करून निकामी केलेली ६,७०० शस्त्रे २०१२ साली पेद्रो रेयेस यांस मिळाली. त्यांतून त्यांनी बासऱ्या, तंतुवाद्ये व आघातवाद्ये घडविली. 'डिसआर्म' या कृतीतील वाद्ये तर यंत्राच्या साहाय्याने आपोआप वाजतात. पिस्तुलाचा दस्ता, चाप, नळी हे सारे त्यांत ओळखू येते, आणि ते मुद्दाम तसे ठेवले आहे. ऐकता ऐकता प्रेक्षकाचे डोळे शस्त्रावर खिळतात. हे शस्त्र कोणावर चालले असेल, हा विचार त्याला सोडीत नाही.

नलतरंगाची रीत उलट. तेथे नळ्या चढत्या सुरांनुसार आखूड होत जातात आणि त्यांच्या टोकांची रेषा नादाच्या नियमानेच ठरते. मूर्तिकाराने वेगळी आखावी लागत नाही. वाजू लागले की बंदूक विसरली जाते. रेयेस यांना ती विसरली जाऊ नये असे वाटते. खाँसाहेबांपुढे मात्र आईबापांविना राहिलेली मुले होती, आणि त्यांच्या हाती उद्या सकाळी रियाजासाठी काहीतरी द्यायचे होते.

खाँसाहेब १९७२ साली निवर्तले. मैहरचा वृंद त्यांच्यामागेही वाजत राहिला आहे, आणि नलतरंग त्यात आहे.