पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मोटारसायकलचा वीजबिघाड : शोध कसा घ्यावा?



गळीत हंगाम तोंडावर आला की सर्वांत आधी धावपळ सुरू होते ती मोटारसायकलची. तोडणीची चिठ्ठी, टोळीचा अड्डा, गट कार्यालय, वजनकाटा, सगळीकडे गाडी लागते. आणि नेमकी त्याच वेळी, चार महिने गोठ्याच्या पडवीत उभी असलेली गाडी चावी फिरवली तरी हूं की चूं करीत नाही. मग ती टेम्पोत घालून तालुक्याला न्यायची, नवी बॅटरी बसवायची, आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा बंद! थंड मुलखात बर्फामुळे गाड्या हिवाळाभर उभ्या असतात, तिकडेही थंडी सरली की हीच रड. आपल्याकडे ते काम पाऊस आणि चिखल करतो.

हा शेतकी खात्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ऊस पिवळा पडला की लगेच युरियाचे पोते फोडू नका, आधी मुळाशी हुमणी आहे का, पाणी साचले आहे का ते पाहा, असे आम्ही दर बैठकीत सांगतो. गाडीलाही तोच न्याय. भाग बदलण्यापूर्वी कारण शोधावे, आणि शोध बॅटरीपासून क्रमाने पुढे न्यावा.

उभ्या गाडीला होते काय?

शिसे-आम्लाची बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते. उतरलेल्या स्थितीत महिनोन्‌महिने राहिली की आतील पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचा कठीण थर बसतो व मग ती चार्ज धरीत नाही. दुसरे कारण दमट हवा. त्यातून गोठ्यात जनावरांच्या मूत्रातून अमोनिया वायू सुटतो. ओलाव्याबरोबर तो तांबे-पितळेला खातो, म्हणून वायरींच्या टोकांवर हिरवट-निळसर थर दिसतो. तिसरे कारण उंदीर. सीटखाली घर करून ते वायरींचे आवरण कुरतडतात.

तपासणीचा क्रम

तीन-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर, पाने, पॉलिश पेपर, जुना दातांचा ब्रश, खाण्याचा सोडा आणि व्हॅसलीन एवढे साहित्य पुरते.

१) बॅटरी : मल्टिमीटर डी.सी. २० व्होल्टवर ठेवून दोन्ही टोकांवर मोजावे. १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना १२.६ किंवा अधिक दाखवील तर ती भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, आणि १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी समजावी. आता सेल्फ दाबून पुन्हा पाहावे. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी उतरलेली किंवा निकामी आहे. आधी चार्ज करून पाहावी. चार्ज सावकाश करावा, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. रात्रभर चार्ज करून, काही तास विसावा दिल्यावरही ती सेल्फ दाबताच कोसळली, तरच नवी घ्यावी. झाकणाच्या बॅटरीत फक्त शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी खुणेपर्यंत घालावे, ॲसिड घालू नये. बंद बॅटरी उघडू नये. चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको.

२) टोके व अर्थिंग : सोडताना ऋण (–) टोक आधी, जोडताना ते शेवटी. पांढरा-हिरवा थर सोड्याच्या पाण्याने व ब्रशने धुवावा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून घट्ट आवळावी, वर व्हॅसलीन लावावे. मग ऋण वायर सांगाड्याला जिथे बोल्टने बसते तो जोड सोडून धातू चकचकीत होईपर्यंत घासावा. पुष्कळदा सगळे दुखणे इथेच असते. खात्रीसाठी मल्टिमीटरची एक दांडी बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनच्या मोकळ्या धातूला लावून सेल्फ दाबावा. वाचन अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर अर्थिंग खराब.

३) फ्यूज : काढून पाहावा, खाचा घासाव्या. जळाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तांब्याची तार किंवा चांदी गुंडाळण्याचा प्रकार करू नये, फ्यूजऐवजी सगळे वायरिंग जळेल. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी उघडी पडलेली वायर सांगाड्याला टेकते आहे. टाकीखाली व हँडलच्या वळणाशी आधी शोधावे.

४) स्विच : इंजिन बंद करण्याचे लाल बटण, क्लचचा स्विच आणि साईड स्टँडचा स्विच. साईड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल घट्ट बसून गाडी बंद राहिल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. आधी तो धुऊन सुकवावा.

५) चार्जिंग : गाडी सुरू झाल्यावर वेग वाढवून बॅटरीवर मोजावे. साधारण १३.५ ते १४.८ यावेत. आकडा वर चढलाच नाही तर कॉइल किंवा रेग्युलेटरचा दोष, पण त्याआधी त्यांच्यामधला कपलर जळका आहे का ते पाहावे. १५ च्या वर जाऊ लागला तर रेग्युलेटर बदलावा, नाहीतर नवी बॅटरीही शिजेल.

लक्षणावरून ओळख

काहीच पेटत नाही : फ्यूज, टोके, अर्थिंग. दिवे लागतात पण सेल्फ नुसता कट-कट करतो : बॅटरी उतरली किंवा जोड सैल. इंजिन फिरते पण सुरू होत नाही : लाल बटण, साईड स्टँड, मग स्पार्क प्लग. रोज सकाळी बॅटरी उतरलेली : चार्जिंग होत नाही, किंवा मोबाइल चार्जरसारखी एखादी जादा जोडणी रात्रभर वीज खाते.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस.-६ गाड्यांना विशेष सूचना. यांतील बहुतेकांत इंधनपंपही विजेवर चालतो, तेव्हा बॅटरी पार उतरली असेल तर ढकलून उपयोग होत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जोडून सुरू करायची झाल्यास ट्रॅक्टरचे इंजिन बंद ठेवावे.

सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे

बंद पडलेली गाडी घरी राहते, तिच्यापासून धोका नाही. धोका आहे तो सुरू झालेल्या पण मागचा लाल दिवा न लागणाऱ्या गाडीपासून. १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांत इंजिन सुरू होताच पुढचा दिवा आपोआप लागतो, म्हणून आपल्याला वाटते सगळे ठीक आहे. मागचा दिवा स्वाराला दिसत नाही, तो दिसतो मागून येणाऱ्या भरल्या ट्रॅक्टरवाल्याला, आणि त्याला दोन ट्रॉल्यांसह चटकन थांबता येत नाही. हंगामात रस्ते रात्रभर वाहते असतात. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी, ब्रेक दाबावा व भिंतीवर लाल उजेड पडतो का ते पाहावे. पुढचा व मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून पाहावा, दोघांचे स्विच निराळे असतात.

पुढील पावसाळ्यात गाडी उभी करताना बॅटरी काढून घरात कोरड्या जागी ठेवावी, महिन्यातून एकदा चार्ज करावी, आणि गाडी गोठ्यापासून दूर ठेवावी. एवढे केले तर हंगामाच्या पहिल्या दिवशी आपली चिठ्ठी वेळेवर हाती येईल, आणि आपणही रात्री सुखरूप घरी याल.