खटल्याचे नाव आणि मृतांची नावे

पुण्यात १९७६-७७ मध्ये दहा जणांच्या हत्या झाल्या. त्या प्रकरणास आपण ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’ म्हणतो. म्हणजे बळी गेलेल्यांच्या आडनावांनी ओळखतो. मुंबईच्या उपनगरांत १९६५-६६ मध्ये व पुन्हा १९६८ मध्ये पदपथांवर, झोपड्यांत झोपलेली माणसे मारली गेली. ते प्रकरण मात्र ‘रमन राघव’ या मारेकऱ्याच्या नावाने रूढ झाले. हा भेद केवळ योगायोगाचा मानता येत नाही. (पुण्यातील दहा बळींपैकीही दोनच घराण्यांची नावे खटल्याला चिकटली, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे.) ज्याला पत्ता नाही, ज्याच्यासाठी वृत्तपत्राकडे धाव घेणारे कोणी नाही, त्याचा मृत्यू मारेकऱ्याच्या खात्यावर जमा होतो.

सत्य गुन्ह्यांवर आधारलेल्या चित्रपटांना हा वारसा मिळालेला आहे. रमन राघवची कथा आपल्यापर्यंत पोचली ती रमाकांत कुलकर्णी यांच्यासारख्या पोलीस अधिकाऱ्यांचा तपास आणि आरोपीचा कबुलीजबाब यांतून. कबुलीजबाब हा कथनप्रकार म्हणून तपासला, तर त्यात मारेकरी कर्ता असतो, अधिकारी श्रोता असतो आणि मृत व्यक्ती वाक्यातील कर्म होऊन येते. श्रीराम राघवन यांच्या १९९१ च्या ‘रमन राघव’मध्ये रघुवीर यादव यांचा अभिनय अविस्मरणीय आहे, परंतु त्या अभिनयाच्या सामर्थ्यामुळेच पदपथावरचा निद्रिस्त देह अधिक अनाम होतो.

येथे एक गुंतागुंत आहे. मारेकरी स्वतःही परिघावरचाच होता: बेघर, मनोरुग्ण. आजार असाध्य असल्याचे मनोविकारतज्ज्ञांनी सांगितल्यावर त्याची फाशी जन्मठेपेत बदलली आणि १९९५ मध्ये शिक्षा भोगत असतानाच तो मरण पावला. अनुराग कश्यप यांचा ‘रमन राघव २.०’ (२०१६) आपण त्याच्याविषयी नाही असे आरंभीच सांगतो, तरी नाव मात्र त्याचेच घेतो. त्यातील खुनी व पोलीस अधिकारी ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत. ही सममिती कलादृष्ट्या आकर्षक आहे, पण तिच्यात मनोविकाराचे दुःख नाहीसे होऊन त्याचे गूढ तेवढे उरते आणि मृत हे त्या सममितीचे साहित्य बनतात. अपवाद बहिणीच्या घरातील दीर्घ प्रसंगाचा. अमृता सुभाष यांनी साकारलेल्या त्या स्त्रीला घर, नवरा, मूल आणि भय आहे. मात्र तिलाही पडद्यावर अवकाश मिळतो तो खुन्याची बहीण म्हणूनच.

हे माध्यमाचे वैगुण्य नव्हे, तर प्रकाराचे आहे. खूनमालिकेला बळींची संख्या लागते, व्यक्ती लागत नाहीत. मराठी साहित्याने याच काळात, याच वस्तीत निराळी दृष्टी घडवली होती. जयवंत दळवींची ‘चक्र’ १९६३ ची, बाबूराव बागुलांचा ‘मरण स्वस्त होत आहे’ हा संग्रह १९६९ चा. म्हणजे रमन राघवच्या हत्यासत्राच्या अलीकडे-पलीकडे. ‘चक्र’वर रवींद्र धर्मराज यांनी १९८१ मध्ये चित्रपट केला. स्मिता पाटील यांनी उभी केलेली त्यातील अम्मा झोपडीतच राहते. पण तिचा संसार प्रेक्षकाला दिसावा यासाठी तिचा खून व्हावा लागत नाही.