व्यापार आणि उद्योग : आकड्यांचा मेळ

परदेशी माल आल्याने देशी कारखानदारीला चालना मिळते की तिची पीछेहाट होते, या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्रज्ञाला आकड्यांतूनच शोधावे लागते. परंतु हे आकडे दोन निरनिराळ्या खात्यांच्या दप्तरात असतात आणि त्या दप्तरांची भाषा एक नसते. सीमाशुल्क खाते वस्तूची नोंद करते. वार्षिक उद्योग पाहणी कारखान्याची नोंद करते.

वस्तूंसाठी ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ ही आंतरराष्ट्रीय पद्धती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. तिचे संकेतांक सहा अंकी असून भारतात ते आठ अंकांपर्यंत वाढविले आहेत. कारखान्यांची विभागणी मात्र राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणानुसार, त्यांच्या मुख्य व्यवसायावरून होते.

गुरुग्रामचे उदाहरण घेऊ. मारुती उद्योगाची स्थापना १९८१ साली झाली. डिसेंबर १९८३ मध्ये तेथील कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. पुढे या परिसरात सुटे भाग बनविणारे अनेक कारखाने वाढले. आता, आयात सुट्या भागांचा या उद्योगावर काय परिणाम झाला, हे पाहावयाचे आहे. व्यापाराच्या वर्गीकरणात ‘वाहने’ हे प्रकरण ८७ आहे. पण इंजिन प्रकरण ८४ मध्ये आणि स्पार्क प्लग प्रकरण ८५ मध्ये येतो. २००८ च्या औद्योगिक वर्गीकरणात हे दोन्ही मोटार उद्योगाच्या विभाग २९ मध्येच मोडतात. उलट, प्रकरण ८७ मधील ट्रॅक्टर व सायकली या विभागात येत नाहीत. केवळ प्रकरण ८७ ची बेरीज करणारा अभ्यासक एकीकडे कमी मोजतो, तर दुसरीकडे जास्त.

यासाठी जुळणी-कोष्टक तयार करावे लागते. बिबेक देबरॉय व ए. टी. संथानम यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेले असे कोष्टक पुढील अनेक संशोधकांनी वापरले. एका संकेतांकाचा माल दोन उद्योगांत जात असेल, तर दोन मार्ग उरतात : ते उद्योग एकत्र करणे, किंवा मूल्याची वाटणी करणे. समजा, १०० कोटी रुपयांची आयात ६०:४० या प्रमाणात विभागली. हे प्रमाण दरवर्षी बदलत गेले, तर प्रमाणातील बदलच व्यापारातील बदल म्हणून दिसू लागेल. म्हणून ते एका आधारवर्षाचे घेऊन स्थिर ठेवणे बरे.

काळही फसवतो. १९९८ च्या वर्गीकरणात मोटार उद्योगाचा विभाग ३४ होता. २९ हा क्रमांक तेव्हा यंत्रसामग्रीचा होता. क्रमांक तोच, अर्थ निराळा! स्थळाचेही तसेच आहे. जुन्या गुडगाव जिल्ह्यातून १९७९ साली फरिदाबाद आणि २००५ साली मेवात वेगळा झाला. २०१६ साली मात्र केवळ नाव बदलून गुरुग्राम झाले. सीमा न पाहता जिल्ह्याची मालिका जोडल्यास उद्योग घटल्याचा भास होईल.

मूल्यांतही फरक आहे. आयातीच्या मूल्यात वाहतूक व विमा धरलेला असतो. कारखान्याच्या उत्पादनाचे मूल्य कारखान्याच्या दारापर्यंतचे असते. शिवाय, विजेवर चालणाऱ्या परंतु दहापेक्षा कमी कामगार असलेल्या कार्यशाळा सामान्यतः उद्योग पाहणीच्या कक्षेबाहेर राहतात.

जुळणीपूर्वीची आणि नंतरची एकूण बेरीज सारखी येते की नाही, ही पहिली कसोटी होय. हे काम रूक्ष वाटते. परंतु आयातशुल्क वाढवावे की घटवावे, याचा सल्ला याच आकड्यांवरून दिला जातो आणि त्याचे परिणाम कामगारांच्या रोजगारावर होतात.