गिरणीला मोटर लावताना

प्रश्न : बिबड्यांसाठी ज्वारी भरडायला हाताची लोखंडी गिरणी आहे. तिला मोटर जोडून स्टँड करायचा आहे. किती हॉर्सपॉवरची मोटर घ्यावी? – एक वाचक, दीपनगर

उत्तर : औष्णिक वीज केंद्राच्या सावलीत राहणाऱ्याला ताकदीचा प्रश्न आधी सुचणे साहजिक आहे, पण इथे खरा प्रश्न वेगाचा आहे. आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेवर चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेते. त्या वेगात दाणा भरडण्याऐवजी चुरडतो, पीठ वाढते आणि तापते. परदेशात घरी बिअर करणारेही माल्ट भरडायची चक्की सावकाशच फिरवतात, कारण त्यांना सातूचे फोलपट अखंड हवे असते. म्हणून 3 इंची पुलीवरून 9 इंचीवर, आणि मधल्या शाफ्टवरून पुन्हा तसेच, असे दोन टप्पे घ्या. वेग नऊ पटींनी उतरून 160 वर येतो आणि पीळ जवळपास तितकाच वाढतो. त्यामुळे अर्धा हॉर्सपॉवर पुरतो. एवढा खटाटोप कशाला, मोठी मोटर थेट जोडू, असे कोणी म्हणेल. पण ज्वारीत खडा आला तर पट्टा घसरतो. थेट जोडणीत मात्र सगळा झटका गिरणीच्या बिडावर येतो, आणि बीड वाकत नाही, तडकते. स्टँड अँगलचा, रुंद पायांचा करा. मोटरच्या बोल्टांना लांबट भोके ठेवा, म्हणजे पट्टा ताणता येईल. पट्ट्यांवर जाळी आणि मोटरला अर्थिंग हवेच. पदर अडकायला क्षणही लागत नाही.