सायकलचे चाक : २६, २७.५ की २९?



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की सायकल स्टँडवर चार-सहा नव्या कोऱ्या सायकली हमखास दिसतात. कुणाच्या हँडलला अजून झेंडूची वाळकी माळ असते, कुणाच्या सीटवरचे प्लास्टिक काढलेले नसते. यंदा त्यांत आठवीतल्या एका मुलाची जाड टायरची माउंटन बाइक होती. मी सहज विचारले, "कितीची रे?" मला किंमत विचारायची होती. तो ऐटीत म्हणाला, "सर, ट्वेंटी-नाइन!"

पंधरा दिवसांनी तोच मुलगा मनगटाला प्लास्टर घालून वर्गात बसला होता. पडला कुठे, तर डोंगरात नव्हे, सिग्नलवर. लाल दिवा लागला, याने पाय टेकवायला खाली सोडला, तो टेकलाच नाही. सायकल कलली आणि सगळा भार हातावर आला. वडील भेटायला आले तेव्हा त्यांनी जे सांगितले ते आपल्या सगळ्यांच्याच घरचे आहे : "सर, मुलगा वाढतोय. पुढच्या वर्षी लहान पडली असती, म्हणून मोठी घेतली." गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो, पँटला आत दोन इंच दुमड ठेवतो. सायकलला दुमड ठेवता येत नाही.

त्यानंतर दोन-तीन पालकांनी मला हाच प्रश्न विचारला, की २६ घ्यावी, साडेसत्तावीस की २९? प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा या अंकात लिहून टाकतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले आहे. एखादा पारिभाषिक शब्द हिंदीच्या वळणाने आला तर सांभाळून घ्यावे.

आकडा कशाचा आहे?

बहुतेकांना वाटते की २६ म्हणजे लोखंडी रिमचे माप. तसे नाही. टायर चढवून, हवा भरून चाकाचा बाहेरून जो व्यास साधारण येतो, त्याचे ते नाव आहे. टायर जाड-बारीक झाला की व्यास बदलतो, नाव मात्र तेच राहते. खरे माप मिलिमीटरमध्ये असते आणि ते टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत उठवलेले असते. २६ इंची माउंटन बाइकच्या रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास ५५९ मि.मी., साडेसत्तावीसचा ५८४ मि.मी. आणि २९चा ६२२ मि.मी.

आता वजाबाकी करा. ५५९ ते ५८४ मध्ये २५ मि.मी., आणि ५८४ ते ६२२ मध्ये ३८ मि.मी. म्हणजे साडेसत्तावीस हे २६ आणि २९ यांच्या बरोबर मध्ये नाही, ते २६ च्याच जवळचे आहे. नावावरून मात्र अगदी मधोमध वाटते. दुकानात असे पुष्कळ काही वाटते.

आणखी एक गंमत. आजोबांची जी काळी सायकल असायची, २८ इंची चाकाची, मागे लोखंडी कॅरिअर असलेली, तिच्या रिमचे माप होते ६३५ मि.मी. म्हणजे ज्या ट्वेंटी-नाइनची आज एवढी ऐट, तिच्या रिमपेक्षाही १३ मि.मी. जास्त! टायर बारीक असल्यामुळे बाहेरून ते चाक २९ पेक्षा किंचित लहान भरते एवढेच. आमच्या पिढीतली मुले त्याच सायकलवर शिकली. सीटवर बसून पाय पुरत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून अर्धे-अर्धे पॅडल मारायचे. इंदुरात त्याला 'कैंची' म्हणतात. गुडघे आमचेही फुटले, पण ती सायकल आमच्यासाठी घेतलेली नव्हती, वडिलांची होती.

२६ कुणी ठरवले?

कुणीच नाही, आणि हाच या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मरीन काउंटी नावाचा भाग आहे. १९७० नंतरच्या वर्षांत तिथल्या काही तरुणांनी भंगारातून जुन्या श्विन कंपनीच्या सायकली आणून त्या डोंगरउतारावरून सोडायला सुरुवात केली. या सायकलींना २६ इंची फुगीर टायर असत. श्विनने ते १९३३ मध्ये बाजारात आणले होते, रोजच्या वापराच्या दणकट सायकलींसाठी. डोंगराचा विचार त्यात मुळीच नव्हता.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर या मंडळींनी पहिली शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरहून थोडे कमी अंतर आणि तेवढ्यात सुमारे ४०० मीटर उतार. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे, पॅडल उलटे दाबले की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतके तापत असे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि दरवेळी नवे ग्रीस भरावे लागे. त्यावरून त्या उताराचे नावच 'रीपॅक' पडले. पुढे जो ब्रीझ याने डोंगरासाठी नवी फ्रेम बनवली, टॉम रिची, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये अशा सायकलींचा धंदा सुरू केला, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर कारखान्यातून मोठ्या संख्येने निघाली. सगळ्यांचे चाक २६, कारण जाड टायर त्याच मापात मिळत होता.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जेफ अॅप्स नावाचा गृहस्थ मोठ्या चाकांवर प्रयोग करत होता. तो फिनलंडच्या नोकियन कंपनीचे बर्फावर चालणारे टायर वापरत असे. त्यातले काही त्याने कॅलिफोर्नियात पाठवले. तिथल्या लोकांना ते आवडलेही, पण फिनलंडहून पुरवठा नियमित होईना आणि बेत तिथेच थांबला. म्हणजे टायर वेळेवर येत राहिले असते तर कदाचित २६ इंची माउंटन बाइक जगाने फारशी पाहिलीच नसती. पुढची वीस वर्षे सगळे २६ वरच चालले. १९९९ च्या सुमारास २९ साठी जाड टायर निघाला तेव्हा लोक हसले. हसणे २०१२ पर्यंत संपले होते.

त्या वर्षीच्या लंडन ऑलिंपिकची पुरुषांची शर्यत मुलांनी जरूर माहीत करून घ्यावी. चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी २९ वर होता, स्वित्झर्लंडचा निनो शूर्टर साडेसत्तावीसवर. जवळजवळ दीड तास दोघे पळत होते आणि शेवटी अंतर पडले एका सेकंदाचे. सुवर्ण कुल्हावीला. तिसरा आला इटलीचा फोंताना. शेवटच्या फेरीत त्याची सीटच निखळून पडली होती आणि उरलेला रस्ता त्याने उभ्याने काढला! कुल्हावी चांगला उंचापुरा, शूर्टर त्याच्याहून बराच ठेंगणा, हेही लक्षात ठेवा. पुढे शूर्टरही २९ वर आला, पण जगज्जेत्यासाठी फ्रेम त्याच्या मापाची असते. २०१४ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी चांगल्या सायकलींतून २६ जवळजवळ काढून टाकले. आपल्याकडे मात्र कमी किमतीच्या सायकलींत ते अजून भरपूर आहे.

मोठ्या चाकाने खरेच किती फरक पडतो?

प्रवासी बॅगेची लहान चाके प्लॅटफॉर्मच्या प्रत्येक फटीत अडकतात आणि बैलगाडीचे चाक दगडावरून सहज निघून जाते, हे सर्वांनी पाहिले आहे. मोठे चाक खळग्यात कमी उतरते आणि अडथळ्याला कमी उभ्या कोनात भिडते. इथपर्यंत दुकानदार बरोबर सांगतो. पण किती, हे तो सांगत नाही, म्हणून आपण हिशोब करू. अकरावी-बारावीच्या मुलांना हे आघूर्णाचे उदाहरण म्हणून येते.

५३ मि.मी. जाडीचा टायर धरला, तर तिन्ही चाकांचे बाहेरचे व्यास अनुक्रमे ६६५, ६९० आणि ७२८ मि.मी. येतात. पुढच्या चाकावर ४० किलो भार आहे आणि चाक १० सें.मी. उंच दगडाला टेकून उभे आहे असे माना. चाक वर चढवायला आसापाशी आडवा रेटा किती लागेल? त्रिज्या र आणि दगडाची उंची उ धरली, तर भाराला उ × (२र − उ) च्या वर्गमुळाने गुणायचे आणि (र − उ) ने भागायचे. उत्तर येते : २६ ला सुमारे ४०.९ किलो, साडेसत्तावीसला ३९.७ आणि २९ ला ३८.

म्हणजे २६ वरून २९ वर गेल्यावर वाचले सात टक्के. दिवसभर खडकाळ वाटेवर चालवणाऱ्याला सात टक्के ही मोठी कमाई आहे. घरापासून शाळेपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर तिचा उपयोग जवळजवळ नाही. तिथे टायरमध्ये हवा नीट भरली तर त्याहून जास्त फायदा होतो. आणि मुलांनो, तुमच्यापैकी निम्म्यांच्या टायरात हवा कमी असते. मी अंगठ्याने दाबून पाहिली आहे.

फायदा फुकट मिळत नाही. २९ चे चाक एका फेऱ्यात साडेनऊ टक्के जास्त अंतर तोडते, म्हणजे त्याच गिअरमध्ये चढावर पायाला तेवढाच जास्त जोर लागतो. महूच्या पुढे जानापावचा चढ सायकलने चढायचा विचार असेल तर मागचा गिअर एक पायरी हलका हवा. शिवाय रिम आणि टायर मोठे म्हणून वजनही थोडे जास्त. 'मोठ्या चाकाचे जडत्व आघूर्ण फार वाढते' असेही ऐकू येते. ते वाढते खरेच, रिमची जाडी तीच ठेवली तर तिचे सुमारे ३८ टक्क्यांनी. पण त्याच वेगाला मोठे चाक हळू फिरते हे सांगायचे राहून जाते. वेग घ्यायला जी जास्त ताकद लागते ती रिमच्या वाढलेल्या वजनाएवढीच, म्हणजे त्या भागापुरती ११ टक्के.

मग घ्यायचे काय?

आधी फ्रेम, मग चाक. त्या मुलाची सायकल मी नंतर पाहिली. फ्रेम १९ इंची होती आणि मुलगा जेमतेम पाच फूट. त्याला १४-१५ इंची फ्रेम पुरली असती. चाकाचे नाव बदनाम झाले, दोष मुख्यतः फ्रेमचा होता. अर्थात दोन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत. लहान फ्रेममध्ये २९ चे चाक बसवले तर हँडल उंच जाते आणि वळताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागू शकते. म्हणूनच ट्रेकसारखी कंपनी काही मॉडेलांत लहान फ्रेमला साडेसत्तावीस आणि मोठ्या फ्रेमला २९ देते.

दुकानात मुलाला बरोबर न्या. वाढदिवसाची अचानक भेट म्हणून सायकल आणू नका. शाळेचे बूट घालून त्याला सीटच्या पुढे, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे करा. दोन्ही टाचा जमिनीवर हव्यात आणि दांडी व शरीर यांत तीन-चार बोटे जागा हवी. नसेल, तर पुढची चर्चाच नको. मग त्याला चालवायला, थांबायला आणि उतरायला सांगा. थांबणे विशेष पाहा.

माझे मत विचाराल तर पाच फुटांच्या आत २४ किंवा २६, त्यापुढे साडेपाच फुटांपर्यंत २६ किंवा साडेसत्तावीस, आणि त्याहून उंच असाल व खरोखर कच्च्या वाटांवर जाणार असाल तर २९. रोज फक्त शाळा आणि ट्यूशन असेल तर पैसे चाकाऐवजी चांगल्या ब्रेकवर घाला.

आणि घेण्यापूर्वी जवळच्या दुकानात त्या मापाची ट्यूब मिळते का ते विचारा. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मुलीच्या माउंटन बाइकचा टायर फाटला. मी दुकानात जाऊन "छब्बीस का टायर" मागितला आणि घरी येऊन पाऊण तास झटलो. तो रिमवर सैल फिरत राहिला. तो होता २६ × १ ३/८, म्हणजे ५९० मि.मी.; आमची रिम ५५९ ची. दोन्हींचे नाव छब्बीसच. मुलगी बाजूला उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्ही फिजिक्सचे ना?"

घरी करून पाहा

१. आपल्या टायरच्या बाजूवरचे बारीक आकडे वाचा. 'पन्नास-पाचशे एकोणसाठ' अशा जोडीतला दुसरा आकडा वहीत लिहा.

२. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, सायकलवर बसून चाक एक पूर्ण फेरा जाऊ द्या आणि अंतर मोजा. न बसता पुन्हा मोजा. दोन उत्तरांत फरक का पडतो?

३. वरच्या उदाहरणात दगड १० ऐवजी ५ सें.मी. घेतला तर २६ आणि २९ मधला फरक सात टक्क्यांहून वाढेल की कमी होईल? आधी अंदाज लिहा, मग हिशोब. नववीच्या वरच्यांनी वह्या शनिवारी शेवटच्या तासाला माझ्याकडे द्याव्यात. त्या दिवशी मी टेप घेऊन सायकल स्टँडवरच असेन. ज्यांना आपली फ्रेम तपासून घ्यायची आहे त्यांनी बूट घालून यावे, चपला नकोत.