व्यक्तिगत संकेतस्थळ : लेखन आणि जतन

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• ब्लॉगचे स्वरूप सांगता येईल.
• आपला मजकूर टिकवण्याचे उपाय स्पष्ट करता येतील.

विषय-विवेचन
विद्यार्थी मित्रहो, नियतकालिकात लेख छापून येण्यासाठी संपादकाची पसंती मिळवावी लागते. ब्लॉगवर मात्र लेखक स्वतःच संपादक आणि प्रकाशक असतो. १९९९ मध्ये 'ब्लॉगर' आणि २००३ मध्ये 'वर्डप्रेस' ही साधने आली. तयार आराखडा निवडून, त्यात मजकूर भरून, संगणकाची भाषा न शिकताही संकेतस्थळ उभारणे त्यांमुळे शक्य झाले.

समजा, तुम्ही छत्रपती संभाजीनगरचे रहिवासी आहात. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहरासाठी बांधलेल्या नहरीच्या पाण्याविषयी घरातील वडीलधारी मंडळी आठवणी सांगतात. त्या लिहिल्या नाहीत, तर सांगणाऱ्यांबरोबरच जातील. परंतु लिहिलेला मजकूरही आपोआप टिकत नाही. त्यासाठी तीन गोष्टींची काळजी घ्यावी.

१. युनिकोड : पूर्वी बराच मराठी मजकूर विशिष्ट फाँटमध्ये टंकलिखित होत असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसत आणि शोधयंत्रालाही तो सापडत नसे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरलेला क्रमांक असल्याने ही अडचण येत नाही.

२. पत्ता : मोफत सेवेत संकेतस्थळाचा पत्ता सेवा देणाऱ्या कंपनीच्या नावाखाली असतो. स्वतःचे नाव वार्षिक शुल्क भरून नोंदवल्यास सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. शुल्क थकल्यास मात्र तोही हातून जातो.

३. प्रत : व्यक्तिगत पाने विनामूल्य मांडू देणारी 'जिओसिटीज' ही सेवा याहू कंपनीने २००९ मध्ये बंद केली. ज्यांनी प्रत ठेवली नव्हती, त्यांचे लेखन धोक्यात आले. म्हणून लेख आधी आपल्या संगणकावर लिहावा, मग प्रकाशित करावा. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हींत संपूर्ण मजकूर उतरवून घेण्याची सोय आहे. तिचा वापर ठरावीक काळाने करावा.

सारांश
ब्लॉगमुळे प्रकाशन सोपे झाले. जतनाची जबाबदारी मात्र लेखकावरच आली.

स्वाध्याय
१. मराठी लेखनासाठी युनिकोड का आवश्यक आहे?
२. घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीची आठवण, तिची संमती घेऊन, दीडशे शब्दांत लिहा. तिची एक प्रत संगणकावर आणि एक कागदावर ठेवा.