फवारणीआधी रक्त तपासा

2017च्या फवारणी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक मारताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्यांनी विष प्यायलं नव्हतं. ते कातडीतून आणि श्वासातून शरीरात गेलं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा तोंडावर आणि छातीवरच येत होता. हातमोजे घातले नाहीत, चूक त्यांचीच, असा निकाल अनेकांनी तेव्हा लगेच दिला. हातमोजे, मास्क हवेतच. पण भाद्रपदाच्या उकाड्यात रबरी पोशाख घालून दिवसभर पंप पाठीवर वागवणं हे सल्ला देणाऱ्यांनी एकदा करून पाहावं. शिवाय या निकालातून एका प्रश्नाचं उत्तर मिळत नाही: एकच औषध फवारणाऱ्या दोघांपैकी एक कोसळतो आणि दुसरा धडधाकट घरी जातो, असं का होतं?

विषशास्त्राचं उत्तर रक्तात आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम निकामी करतात. नसांनी स्नायूंना आणि ग्रंथींना दिलेला संदेश थांबवणं हे त्याचं काम. ते कमी पडलं की संदेश सुरूच राहतो: घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू आणि शेवटी अडलेला श्वास. तांबड्या पेशींतलं हे एन्झाइम पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. त्याआधीच पुढची फवारणी आली, तर घट साचत जाते आणि बरीच घट झाली तरी माणसाला काही जाणवत नाही. ‘दहा वर्षं फवारतो, काही झालं नाही’ हा म्हणूनच सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. त्यातून प्रत्येकाचं मूळ प्रमाण वेगळं असतं. हंगामाआधीचा आकडा हाताशी नसेल, तर आजारपणातल्या अहवालावरून नेमकी किती घट झाली ते कळत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने ही औषधं हाताळणाऱ्या मजुरांची अशी नियमित तपासणी 1974पासून बंधनकारक केली आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. डायफेन्थियुरॉन किंवा फिप्रोनिल ही कीटकनाशकं या एन्झाइमवर काम करतच नाहीत. त्यांची बाधा झालेल्याचा अहवाल बिनधोक येऊ शकतो. खरं आहे, आणि म्हणूनच चाचणीबरोबर बाटलीही लागते. ऑरगॅनोफॉस्फेटच्या बाधेवर अ‍ॅट्रोपिन जीव वाचवतं. डायफेन्थियुरॉनवर नेमका उतारा नाही, तिथे लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवली असतील, तर लेबलं पाहिल्याशिवाय डॉक्टरला अंदाजानेच चालावं लागतं. खर्चाचा आक्षेप मात्र मला पटत नाही. ही रक्ताची साधी चाचणी आहे, अतिदक्षता विभागातल्या एका दिवसाहून कितीतरी स्वस्त.

तेव्हा जून संपण्याआधी ग्रामसभेत ठराव करून आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे या चाचणीची मागणी करा. त्यात रोजाने फवारणाऱ्या मजुरांची नावं आधी घाला. फवारताना मळमळलं, डोळ्यांपुढे धूसर झालं, तर पंप लगेच उतरवा, कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा. लिंबूपाणी पिऊन झोपू नका. 108ला फोन करा आणि त्या दिवशी वापरलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून दवाखान्यात न्या.